अक्काच्या नावावरचा नंबर

आमच्या कडक भाकरीच्या कारखान्याचा नंबर माझ्या नावावर नाही, हे मला लोहाऱ्याला स्टँडसमोरच्या मोबाईलच्या दुकानात कळलं. कळलं म्हणण्यापेक्षा आठवलं म्हणणं खरं. इतकी वर्षं फोन माझ्या हातात होता, रिचार्ज मी मारत होते, गिऱ्हाइकांच्या शिव्या मी ऐकत होते. नंबर कुणाचा हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

कारखाना म्हणजे फार मोठं काही डोळ्यांपुढं आणू नका. आमच्या घरामागं पत्र्याचं एक लांबडं शेड आहे, त्यात भाकरीचं एक मशीन, कडक करायच्या शेगड्या आणि कामाला येणाऱ्या गावातल्याच बाया. ज्वारीची पातळ भाकरी पापडासारखी कडक करायची, थंड झाली की पाकिटात भरायची आणि सोलापूर, लातूर, पुण्याच्या दुकानांत पाठवायची. सगळा धंदा फोनवर. दुकानदार सकाळी फोन करतो, किती पाकिटं पाहिजेत सांगतो, आम्ही दुपारच्या गाडीनं माल टाकतो. फोन लागला नाही तर तो दुसऱ्याला लावतो.

आणि फोन लागत नव्हता. आमच्या गावात त्या कंपनीचा टॉवर नावालाच उरला होता. लाइट गेली की टॉवर बंद पडायचा आणि लाइट आली तरी लगेच चालू व्हायचा नाही. लागलाच तर माझं बोलणं पलीकडं जायचं नाही, नुसता खरखराट. सोलापूरचा एक जुना दुकानदार एकदा माझ्या नवऱ्याच्या फोनवर बोलला आणि त्यानं सरळच सांगितलं की बाई, तुमच्या भाकरीपेक्षा तुमचा फोन जास्त कडक झालाय, आता मी दुसरीकडून घेतो. तो हसत होता. मी नाही हसले.

दुसऱ्या कंपनीचा टॉवर गावात चांगला चालायचा. नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते हे आता सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या फोनवरून मेसेज पाठवायचा, कोड येतो, तो दुकानदाराला सांगायचा, आधार दाखवायचं, फोटो काढून घ्यायचा आणि नवं सिम घेऊन घरी यायचं. मी कोड मागवून, आधार घेऊन, शेडमधलं काम बायांवर टाकून जीपनं लोहाऱ्याला गेले.

दुकानदार तरुण होता, पण सावध. त्यानं आधी विचारलं, सिम कुणाच्या नावावर आहे. मी म्हटलं, माझ्याच. त्यानं माझ्या फोनमध्ये जुन्या कंपनीचं ॲप उघडलं आणि स्क्रीन माझ्याकडं फिरवली. तिथं अक्काचं नाव होतं. नवऱ्याच्या नावासकट, आडनावासकट.

"ह्या कोण?" त्यानं विचारलं.

"आता कुणी न्हाय," मी म्हटलं.

त्यानं फोन परत दिला. हल्ली नियम लई कडक झालेत, एकाचा नंबर दुसऱ्याच्या आधारवर केला तर दुकान बंद होतं, असं तो म्हणाला. ज्याच्या नावावर सिम, त्यानंच यायला पाहिजे. नाहीतर आधी जुन्या कंपनीच्या दुकानात दोघींनी जाऊन नंबर माझ्या नावावर करून घ्यायचा आणि मग कंपनी बदलायची. दोन्हीकडं त्या बाईनं समोर उभं राहून फोटो द्यायला पाहिजे.

मी त्याच्याशी भांडले. नंबर माझ्या हातात आहे, पाकिटावर माझ्या कारखान्याचं नाव छापलंय, त्याखाली हा नंबर आहे, अजून काय पाहिजे, असं बरंच बोलले. तो शांतपणे दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या फोनला काच बसवत राहिला. तो बरोबर होता, म्हणून मला त्याचा जास्तच राग आला.

अक्का माझ्या नात्यातली नाही. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं राहते, माझ्याहून बरीच मोठी आहे. माहेर कर्नाटकातलं, गुलबर्ग्याकडचं, म्हणून गाव तिला अक्का म्हणतं. तोंडावर मी तिला आजही तुम्हीच म्हणते. इथं लिहिताना मात्र माझ्यानं अहोजाहो करवत नाही.

धंदा आम्ही दोघींनी मिळून सुरू केला होता. माझं लग्न होऊन मी या गावात आले तेव्हा भाकरी कडक कशी करायची हे मला अक्कानंच दाखवलं. तिच्या माहेरी घरोघरी ती करतात. सुरुवातीला तिच्या ओसरीत आम्ही दोघी थापायचो आणि मी डोक्यावर टोपली घेऊन बाजारात बसायचे. मग ऑर्डरी यायला लागल्या आणि फोन घ्यायचं ठरलं. आठवडी बाजारात छत्री लावून सिम विकणारा एक पोरगा बसला होता. माझ्या आधारवर अजून माहेरचं नाव आणि पत्ता होता, तो म्हणाला चालायचं नाही. अक्काचं कार्ड तिच्या कमरेच्या पिशवीत होतं. तिनं काढून दिलं. दोन मिनिटांचं काम. त्यानंतर त्या गोष्टीचा विचार ना तिनं केला ना मी. फोन माझ्याकडं राहिला, कारण मला पटकन बोलता यायचं. गुलबर्ग्याकडच्या दुकानदारांचा फोन आला की मी तो अक्काच्या कानाला लावायचे. ती कानडीत बोलायची, हसायची, त्यांच्या घरच्यांची चौकशी करायची. तिकडची सगळी गिऱ्हाइकं तिनं आणलेली, हे मी नाकारत नाही.

भांडण मशीनवरून झालं. हातानं थापून ऑर्डरी पुऱ्या होईनात म्हणून मी मशीन आणलं. अक्काला ते पहिल्या दिवसापासून खटकलं. मशीनची भाकरी कातड्यासारखी लागते म्हणाली. हे ती मला बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं. पण ती बायांना सांगत राहिली, दुकानदारांना कानडीत सांगत राहिली. आणि नवरात्राच्या तोंडावर, तुळजापूरच्या रस्त्यावरची सगळी हॉटेलं आणि दुकानं एकदम माल मागत होती तेव्हा, एका सकाळी अक्का आलीच नाही. चार चांगल्या बायाही आल्या नाहीत. दुपारी कळलं की त्या अक्काच्या ओसरीत थापायला बसल्यात. एक शब्द न सांगता. ते नवरात्र मी कसं काढलं ते माझं मला माहीत. त्यानंतर आम्ही बोललो नाही. रस्त्यात समोर आली तर ती पदर सावरायची आणि मी पिठाच्या गिरणीकडं बघायचे.

आता त्याच बाईकडं जाऊन फोटो द्या म्हणायचं होतं.

मी आधी नवऱ्याला पाठवलं. त्याला भांडण कधीच जमत नाही, म्हणून सगळे त्याला चहा पाजतात. तो चहा पिऊन आला. अक्कानं त्याची विचारपूस केली, सासूबाईंच्या गुडघ्याचं विचारलं आणि शेवटी म्हणाली की ज्याचं काम आहे त्यानं यावं. मी त्याला विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात. तो म्हणाला, मी म्हटलं बरोबर हाय तुमचं. त्या दिवशी मी त्याला जेवायला वाढलं, पण बोलले नाही.

काही दिवस मी दुसऱ्या वाटा शोधल्या. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला. तिथली मुलगी गोड आवाजात हेच सांगत होती की ज्यांच्या नावावर कनेक्शन आहे त्यांना बोलायला द्या. तहसीलजवळ बसणाऱ्या एका वकिलांनाही विचारलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, कागदावर नंबर त्यांचा आहे, तुमच्यात फूट पडली तेव्हाच लिहून घ्यायला पाहिजे होतं. तेव्हा लिहून घ्यायला पाहिजे होतं, हे तर मलाही सुचत होतं.

शेवटी मी गेले. भर दुपारी गेले, कारण संध्याकाळी तिच्या ओसरीत बाया असतात आणि मला त्यांच्यापुढं बोलायचं नव्हतं. अक्का भिंतीला टेकून बसली होती, पुढ्यात फडक्यावर भाकरीची चवड. ये म्हणाली नाही, बस म्हणाली नाही. तिची सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. अक्कानं तिच्याकडं नुसतं बघितलं. सुनेनं तांब्या मध्येच जमिनीवर ठेवला, ना माझ्याजवळ ना तिच्याजवळ, आणि आत गेली.

मी उभ्याउभ्याच सांगितलं. लोहाऱ्यापर्यंत यायचं, फोटो द्यायचा, अंगठा द्यायचा, जायचं-यायचं मी बघते. तिनं भाकऱ्या मोजल्यासारखं केलं.

"चार बाया माझ्याकडं आल्या तवा तुम्ही गावभर काय म्हणलात? अक्कानं माणसं चोरली म्हणलात. मग चोराच्या घरी कशाला आलाव?"

तिनं मला तुम्ही म्हटलं. पहिल्या दिवसापासून तिनं मला कधी अगंतुगंशिवाय हाक मारली नव्हती. भांडणातही नाही. त्या एका शब्दानं मला जेवढं लागलं तेवढं चोर शब्दानं तिला लागलं नसेल.

मी म्हटलं, "नुसता एक फोटो द्यायचाय. तुमचं काय जातंय त्यात?"

"माझं जायचं ते गेलंय," ती म्हणाली. "माझ्या नावावर जे ऱ्हायलंय ते माझं हाय."

मग ती जे बोलली ते सगळं इथं लिहीत नाही. तिचं म्हणणं एवढंच की गुलबर्ग्याची गिऱ्हाइकं तिची, हात तिचा, सुरुवात तिच्या ओसरीत आणि नंबरही तिचा. मी काय आणलं, तर मशीन. मी म्हटलं, ती गिऱ्हाइकं सांभाळली कुणी, पहाटे उठून गाडीवर माल टाकला कुणी. ती म्हणाली, हमाली केलीत. मी तशीच निघाले. तांब्या ओलांडून यावं लागलं.

माझी चूक झाली असेल तर एवढीच, की तोपर्यंत अक्काला नंबराचं काही वाटत नव्हतं. ती विसरून गेली होती. मी जाऊन तो तिच्या हातात दिला.

त्याच आठवड्यात माझा फोन मेला. रेंज नाही ही आमची रोजची गोष्ट होती, म्हणून सकाळी लक्ष दिलं नाही. दुपारपर्यंत एकही फोन आला नाही तेव्हा मी गच्चीवर गेले, मग रस्त्यावर गेले. सिमच नाही असं फोन सांगत होता. सिम काढून पुसून परत घातलं. मग मला एकदम कळलं, आणि बाकीचं शेडमधल्या बायांनी सांगितलं. अक्का उमरग्याला कंपनीच्या दुकानात गेली होती. सिम हरवलं म्हणाली. नाव तिचं, आधार तिचं, चेहरा तिचा. त्यांनी तिला दुसरं सिम दिलं आणि माझं बंद झालं. त्या दुकानाचा काही दोष नाही, त्यांनी नियमानंच केलं.

नवऱ्याच्या फोनवरून मी माझा नंबर लावला. तो मला म्हणत होता, कुणाला फोन करालीस, जाऊ दे. रिंग गेली. पाकिटावर छापलेला, मी हजारदा लोकांना सांगितलेला नंबर वाजत होता आणि तो दोन गल्ल्या पलीकडं वाजत होता.

"हां, बोला," अक्काचा आवाज आला. "भाकरी पाहिजे का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हॅलो. किती पाकिटं?"

"अक्का, मी बोलालेय."

तिनं आवाज ओळखला होता, याची मला खात्री आहे. "मी म्हंजे कोण?"

"नंबर माझा हाय हा."

"तुमचा असता तर तुमच्याकडं वाजला असता," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी अशी बाई नाही की जी पदरात तोंड घालून बसेल. त्याच दिवशी दुसऱ्या कंपनीचं नवं सिम माझ्या नावावर घेतलं. त्याच दुकानदाराकडून. त्यानं काही विचारलं नाही आणि मी काही सांगितलं नाही. मग एक महिना माझा गाड्यांत गेला. एसटीनं सोलापूर, तिथून पुणे, परत लातूर. दुकानात शिरायचं, पाकीट काढून दाखवायचं, हा नंबर बदललाय, जुन्यावर फोन करू नका. बहुतेकांनी चांगलं ऐकून घेतलं. काहींनी मागच्या खेपेच्या तुटलेल्या भाकऱ्या काढून दाखवल्या, जणू मी त्यासाठीच आले होते. एकजण म्हणाला, पण परवाच तुमच्याकडच्या मोठ्या बाईंनी फोन उचलला, माल पाठवते म्हणाल्या, तुम्ही वेगळ्या झालात का? मी म्हटलं, आम्ही एक कधी होतो. हे खोटं होतं, पण त्या वेळी ते बोलून मला बरं वाटलं.

छापून ठेवलेली पाकिटं शेडमध्ये छतापर्यंत होती. त्यांवर नव्या नंबराचे स्टिकर लावायला बाया बसवल्या. एका बाईनं विचारलं, जुना नंबर खालून दिसतोय, चालंल का. मी तिच्यावर ओरडले. ती बिचारी गप्प स्टिकरावर स्टिकर लावत राहिली.

नळदुर्गच्या रस्त्याला एका शेतकऱ्याच्या विहिरीच्या भिंतीवर आमची जाहिरात रंगवलेली होती, एवढा मोठा नंबर की बसमधून वाचता येईल. तो पुसायला मी चुन्याची बादली घेऊन नवऱ्याला बरोबर नेलं. पेंटर मिळत होता, पण मला वाट बघायची नव्हती. मी स्वतः शिडीवर चढले. अर्धे आकडे पुसून झाले तेव्हा अक्काचा मुलगा मोटारसायकलवर आला. तो तिशीचा बाप्या, गावात कुणाशी वाईट नाही. गाडी बंद करून खाली उभा राहिला.

"आईचा नंबर पुसालाव व्हय?" तो म्हणाला.

मी खाली बघितलंच नाही. नवरा त्याला म्हणाला, अरे भिंतीचं भाडं आम्ही देतो बाबा. तो म्हणाला, भाडं द्या की, नंबर कशाला पुसता. मी ब्रश बादलीत बुडवला आणि उरलेले आकडे पुसले. चुना त्याच्या गाडीच्या सीटवर उडाला. मी मुद्दाम उडवला नाही, पण उडाला याचं मला वाईटही वाटलं नाही. तो सीट पुसत निघून गेला.

एवढं करूनही अक्काचं काही भलं झालं नाही, आणि हे सांगताना मला आजही समाधान वाटतं. तिच्या घरालाही तोच टॉवर होता. नंबर तिच्याकडं गेला पण रेंज तिच्याकडंही येईना. त्या कंपनीची थोडी रेंज गावात एकाच ठिकाणी पकडायची, महादेवाच्या देवळाच्या पायऱ्यांवर. दुपारच्या वेळी मी शेतावरून येताना बघायचे, अक्का पायरीवर एकटी बसलेली, फोन कानाला लावलेला, दुसरा हात दुसऱ्या कानावर. मोठ्यानं कानडीत बोलायची, परत परत तेच बोलायची, मग फोन समोर धरून बघत राहायची. घरी भाकऱ्या थापायच्या सोडून ती अर्धा दिवस तिथं बसायची. मी तिच्यासमोरून हळूहळू चालत जायचे. पूर्वी मी त्या वाटेनं जात नसे.

मग एक दिवस मला परत लोहाऱ्याच्या त्या दुकानात जावं लागलं. मोबाईलच्या नकाशावर आमच्या कारखान्यापुढं अजून जुनाच नंबर दिसत होता आणि तो बदलायचं मला घरी जमत नव्हतं. दुकानदार ते करत होता तेवढ्यात अक्का आणि तिचा मुलगा आत आले. मला बघून ती दारातच थबकली, पण बाहेर ऊन होतं आणि मागून माणसं येत होती. ती आत आली आणि काउंटरच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिली. मुलानं दुकानदाराला सांगितलं, नंबर तोच ठेवून कंपनी बदलायचीय. दुकानदारानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं, आणि मान खाली घालून कोड विचारला. नवं सिम घेतल्यावर लगेच कंपनी बदलता येत नाही, थोडे दिवस जावे लागतात, हे त्यांना आधीच्या खेपेला सांगितलं गेलं होतं असं दिसलं. या खेपेला सगळं बरोबर होतं. फोटो निघाला. मग तिनं मशीनवर अंगठा ठेवला.

मशीननं घेतला नाही. तिनं अंगठा पदराला पुसला, परत ठेवला. दुकानदार म्हणाला, जरा जोरात दाबा. मग म्हणाला, जरा हलका ठेवा. मुलगा चिडायला लागला. नीट ठेव की आई, असं करत त्यानं तिचा हात धरून मशीनवर दाबला. तिनं हात काढून घेतला. दुसरा अंगठा झाला, त्याच्या शेजारचं बोट झालं. प्रत्येक वेळी मशीन लाल दिवा दाखवायचं. चाळीस वर्षं तव्यावर भाकरी उलटून आणि थापून बोटांवरच्या रेषाच उरत नाहीत. हे मला माहीत होतं, कारण आमच्या शेडमधल्या सगळ्याच बायांना रेशनच्या दुकानात हा त्रास होतो, आणि मी त्यांच्याबरोबर तिथं उभी राहिलेय.

माझं काम थांबलं होतं, कारण दुकानदार एकटाच. समोर आमच्या गावाची जीप भरत आली होती. ती गेली की मग संध्याकाळपर्यंत काही नाही. मी थोडा वेळ सहन केलं. तिची फजिती बघायला मला बरं वाटत होतं हे कबूल, पण मुलगा सगळ्यांसमोर तिचा हात असा ओढत होता, ते मात्र बघवेना. आणि जीपवाला हॉर्न मारत होता.

"डाव्या हाताची करंगळी लावा," मी म्हटलं.

अक्कानं माझ्याकडं बघितलं नाही. दुकानदार म्हणाला, बघा लावून. तिनं डावी करंगळी मशीनवर ठेवली. हिरवा दिवा लागला.

"तुम्हाला कुणी विचारलं होतं?" अक्का म्हणाली, मशीनकडं बघत.

"माझी जीप चाललीय," मी म्हटलं, आणि दुकानदाराला माझा फोन मागितला. नकाशाचं काम अर्धंच राहिलं. मी जीपमध्ये जाऊन बसले. बसल्यावर माझ्या लक्षात आलं की तो नंबर आता कायमचा गेला, आणि तो जाताना शेवटचा हात मीच लावला. मला स्वतःचाच इतका राग आला की शेजारच्या बाईनं टोपली जरा सरकवा म्हटलं तर मी तिला उगाच टाकून बोलले.

काही दिवसांनी अक्का देवळाच्या पायऱ्यांवर दिसेनाशी झाली. तिचा फोन आता घरीच लागतो. तिच्या ओसरीत आता पहिल्यापेक्षा जास्त बाया बसतात असं ऐकते. आमचीही सोलापूर-पुण्याची गिऱ्हाइकं बहुतेक परत आली. मोठ्या दुकानांना एकसारखा, न तुटणारा माल लागतो आणि तो हातानं होत नाही. पुण्याच्या एकानं चुकून जुन्या नंबरावर मोठी ऑर्डर दिली होती, अक्कानं घेतली आणि वेळेवर पुरी झाली नाही. त्यानं मला फोन करून झापलं. मी त्याला सांगितलं, त्यांना झापा, त्यांचा नंबर तुमच्याकडं आहेच.

गुलबर्ग्याकडची गिऱ्हाइकं मात्र गेली ती गेलीच. त्यांना भाकरी कुठलीही चालत असेल, पण आवाज अक्काचा लागतो. तिकडचा एक दुकानदार कुठूनतरी माझा नवा नंबर मिळवून कधीमधी फोन करतो. कानडीत बरंच बोलतो, मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. शेवटी तो विचारतो, "अक्का इल्ला?" इल्ला म्हणजे नाही, एवढं इतक्या वर्षांत शिकलेय. मी म्हणते, "इल्ला." तो फोन ठेवतो. अक्काचा नंबर मला पाठ आहे, मी तो त्याला सांगू शकते. सांगत नाही.

यंदा श्रावणात गावानं महादेवाला भंडारा घातला. पंचांनी आमच्याकडं भाकरी मागितली आणि अक्काकडंही मागितली, पण एकीचं दुसरीला सांगितलं नाही. माझ्या भाकऱ्या टेम्पोतून गेल्या, तिच्या मुलाच्या मोटारसायकलवरून. मांडवात सगळ्या एकाच मोठ्या परातीत ओतल्या. वाढणाऱ्या पोरांना काय कळणार. माझ्या ताटात पडली ती हातची होती, कडेला जरा जाड, मध्ये बोटांचे ठसे, मला न चाखताच ओळखू आली. शेजारी बसलेल्या बाईच्या ताटात मी ती सरकवली आणि पोराला म्हटलं, ही नको, ती गोल एकसारखी आहे ती दे. त्यानं परातीत हात घालून दुसरी काढली. तीही तिचीच निघाली. तिसऱ्या खेपेला माझी आली.